कोच कशाला, वरचा साहेब बघा
वर कोणीतरी लिहिलंय की टीम हरली की आधी कोचला हाकला, जीएमच्या (जनरल मॅनेजर, खेळाडू आणणारा साहेब) नावानं कशाला बोंब मारता. अहो अमेरिकेतल्या एलए गॅलक्सी या फुटबॉल क्लबचं बघा ना, 2014 नंतर कित्येक वर्षं एमएलएस कपचा (तिथल्या लीगच्या विजेतेपदाचा) पत्ता नाही, 2019 च्या पावोन या खेळाडूच्या व्यवहारात बजेटचे नियम मोडले म्हणून लीगनं 10 लाख डॉलर दंड ठोकला, आणि तरी क्लबचा प्रेसिडेंट ख्रिस क्लाइनचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं!! म्हणजे वर बक्षीसच 😀 मग 2023 ला फॅन ग्रुप्सनी थेट बॉयकॉट केला, ढोलवाले मॅचला फिरकेनात, मे संपेपर्यंत क्लाइन बाहेर. कोच व्हॅनी मात्र तोच राहिला, जीएम विल कुंट्झच्या काळात पेक आणि पेंटसिल हे खेळाडू आले आणि 2024 ला त्याच व्हॅनीनं कप जिंकून दिला. आता बोला.