मर्जरला मराठीत काय म्हणावं? विलीनीकरण, संपादन, अधिग्रहण

प्रश्न

मी कोथरूडला राहते, तांत्रिक मजकुराची भाषांतरं करते. सध्या हातात एक लेख आहे. मोबाइल नेटवर्कची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपन्या गेल्या वीस वर्षांत एकमेकींत कशा मिसळत गेल्या, हा त्याचा विषय. नोकिया, सीमेन्स, अल्काटेल, लुसेंट, मोटोरोला, नॉर्टेल, एरिक्सन अशी सगळी मंडळी आहेत. पहिल्याच पानावर अडले. मूळ लेखात मर्जर (दोन कंपन्यांची एक होणं), अ‍ॅक्विझिशन (एकीने दुसरी विकत घेणं) आणि जॉइंट व्हेंचर (दोघींनी मिळून काढलेली कंपनी) हे तीन शब्द जाणीवपूर्वक वेगळे वापरलेत. मराठी बातम्या चाळल्या तर तिन्ही ठिकाणी कधी विलीनीकरण, कधी अधिग्रहण, कधी नुसतं ‘ताब्यात घेतली’. मला हे तीन शब्द तीनच राहायला हवेत. शिवाय एक बारकी शंका: विलीनीकरण की विलिनीकरण?

प्रतिसाद 1

आधी शुद्धलेखन. मूळ शब्द ‘विलीन’, त्यातली ली दीर्घ. पुढे ‘करण’ लागलं तरी ती दीर्घच राहते. म्हणून विलीनीकरण.

आता अर्थ. मी मोबाइल नेटवर्कच्याच धंद्यात बावीस वर्षं काढली आहेत आणि माझ्या ओळखपत्राच्या पट्टीवरचं कंपनीचं नाव तीनदा बदललंय, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

‘विलीन’ हा शब्द ‘मध्ये’ मागतो. भोर संस्थान 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झालं. देना आणि विजया या बँका 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. ‘भोर आणि मुंबई प्रांत विलीन झाले’ असं कुणी म्हणत नाही. विलीन होणं म्हणजे विरघळणं. जे विरघळतं त्याचं नाव जातं आणि ज्यात विरघळतं त्याचं राहतं. मराठी वाक्य लिहिणाऱ्याला लगेच विचारतं, कोण कोणात? मर्जर हा शब्द असं काही विचारत नाही, म्हणून कंपन्यांच्या निवेदनांना तो सोयीचा पडतो. ‘अ आणि ब यांचं विलीनीकरण’ असं लिहून आपणही तो प्रश्न टाळतो. माझा आक्षेप आहे तो याला.

तुमच्या लेखातलंच उदाहरण घ्या. 2006 च्या अखेरीस फ्रान्सची अल्काटेल आणि अमेरिकेची लुसेंट यांची एक कंपनी झाली. जाहीर करताना बरोबरीच्या नात्याचं मर्जर म्हणूनच केलं होतं. नावात दोघी, मध्ये जोडरेघ. मुख्यालय मात्र पॅरिसला आणि सुमारे 60 टक्के शेअर अल्काटेलच्या भागधारकांकडे. तरीही ‘लुसेंट अल्काटेलमध्ये विलीन झाली’ असं मी लिहिणार नाही, कारण लुसेंटचं नाव पुसलं गेलं नाही. इथे ‘एकत्र आल्या’ पुरे, नाम हवं असेल तर ‘एकीकरण’.

पुण्याच्या माणसाला हे समजायला लांब जायला नको. संगम पुलाजवळ मुळा आणि मुठा भेटतात, पण तिथून पुढे नदीचं नाव मुळा-मुठा. दोघी शाबूत. ती तशीच वाहत रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि त्यापुढे फक्त भीमा. पहिला संगम, दुसरं विलीन होणं. अल्काटेल-लुसेंटचंही तेच झालं. एप्रिल 2015 मध्ये नोकियाने 15.6 अब्ज युरोंचा व्यवहार जाहीर केला. रोख पैसे नाहीत, अल्काटेल-लुसेंटच्या एका शेअरला नोकियाचे 0.55 शेअर. जानेवारी 2016 पासून दोन्हींचा कारभार एक झाला आणि जोडरेघेचं नाव मागे पडलं. इथे ‘नोकियात विलीन झाली’ बिनधास्त लिहा.

फक्त व्यवहार आणि परिणाम वेगळे ठेवा. नोकियाने आधी कंपनी विकत घेतली, मग ती नोकियात विलीन झाली. विकत घेण्याने मालक बदलतो, विलीन होण्याने कंपनीच बदलते. विकत घेतलेली कंपनी वर्षानुवर्षं आपल्या नावाने, आपल्या संचालक मंडळासह चालू राहू शकते.

नोकिया सीमेन्स नेटवर्क्स हे तिसरंच प्रकरण, म्हणजे जॉइंट व्हेंचर. 1 एप्रिल 2007 ला सुरू झालेली, दोघांची निम्मी-निम्मी. 2013 मध्ये सीमेन्सचा निम्मा वाटा नोकियाने 1.7 अब्ज युरोंना घेतला. याला ‘भागीदारी’ म्हणू नका, भागीदारी संस्था कायद्यात निराळी असते. ‘संयुक्त कंपनी’ चालेल. मला स्वतःला ‘सामायिक कंपनी’ जास्त आवडतं. सातबाऱ्यावर भावाभावांचं सामायिक खातं असतं ना, तसं. प्रत्येकाचा हिस्सा मोजता येतो आणि पुढे एकाने दुसऱ्याचा घेऊनही टाकता येतो.

प्रतिसाद 2

मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय, शिरूरला असतो. टेलिकॉममधलं मला कळत नाही, पण ‘अधिग्रहण’ या शब्दाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

उन्हाळ्यात गावाला पाणी नसलं की आम्ही खाजगी विहीर अधिग्रहित करायचो. आदेश निघायचा, टँकर त्या विहिरीवर भरायचे, शेतकऱ्याला मोबदला मिळायचा आणि पाऊस पडला की विहीर परत त्याच्या ताब्यात. मालकी एक दिवसही बदलत नसे. निवडणुकीला गाड्या आणि शाळांच्या खोल्या घेतात, तेही अधिग्रहणच. रस्त्यासाठी, धरणासाठी जमीन कायमची घेतात ते मात्र भूसंपादन. पुण्याच्या रिंग रोडच्या गावांत कुणालाही विचारा, ‘आमची जमीन संपादनात गेली’ म्हणेल, अधिग्रहणात गेली म्हणणार नाही.

हिंदीत जमीन कायमची घेण्यालाही अधिग्रहणच म्हणतात. तिथला शब्द जसाच्या तसा आपल्या बातम्यांत आला. कंपनी विकत घेतली तर ती काही पावसाळ्यात परत द्यायची नसते. मग अधिग्रहण कसं होईल?

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दादा, विहिरीचं उदाहरण मनात पक्कं बसलं. इतकी वर्षं मी अधिग्रहण लिहीत आले, आता नाही लिहिणार. पण ‘संपादन’ लिहिलं की वाचकाला संपादक आठवतो. ‘एरिक्सनने नॉर्टेलच्या व्यवसायाचं संपादन केलं’ हे वाक्य मोठ्याने वाचलं आणि एरिक्सन लाल पेन घेऊन बसल्यासारखी वाटली. ‘भू’ पुढे असला की शब्द सावरतो, एकटा सोडला की दुसऱ्या अर्थाकडे झुकतो.

म्हणून मी सरळ ‘विकत घेतली’ आणि नाम म्हणून ‘खरेदी’ लिहायचं ठरवलंय. ‘जानेवारी 2009 मध्ये नॉर्टेलने दिवाळखोरीत संरक्षण मागितलं, आणि त्याच वर्षी तिचा उत्तर अमेरिकेतला सीडीएमए (मोबाइल नेटवर्कचं एक तंत्रज्ञान) व्यवसाय एरिक्सनने लिलावात 1.13 अब्ज डॉलरना विकत घेतला.’ कुठे अडखळायला होत नाही.

एक जागा उरते. 2011 मध्ये मोटोरोलाचा फक्त वायरलेस नेटवर्कचा व्यवसाय नोकिया सीमेन्सकडे गेला. मोटोरोला मागे राहिलीच. अशा तुकड्याला काय म्हणू?

प्रतिसाद 3

‘समाविष्ट’ म्हणा. पुण्यात हा शब्द रोज कानावर पडतो. 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावं महापालिकेत आली, ती ‘समाविष्ट गावं’. तालुका मागे राहिला, गावं इकडे आली. मोटोरोलाचा नेटवर्क व्यवसाय नोकिया सीमेन्समध्ये समाविष्ट झाला, असं लिहिता येईल.

मी सनदी लेखापाल आहे म्हणून एक भर घालते. असा आख्खा व्यवसाय, त्यातल्या यंत्रांची आणि देण्याघेण्याची सुटी किंमत न लावता, एका रकमेत विकला तर आपल्या आयकर कायद्यात त्याला ‘स्लम्प सेल’ म्हणतात. मराठीत तो अजून इंग्रजीतच लिहिला जातो. आपल्याकडे ‘उक्ता’ शब्द आहे. गवंड्याला काम उक्तं देतात, आंब्याची बाग उक्ती विकतात. मग ‘उक्ती विक्री’ का नको?

प्रतिसाद 1, पुन्हा

‘उक्ती विक्री’ फारच नेमका. लगेच वहीत लिहून ठेवला.

समाविष्ट गावांवरून आठवलं. गेल्या महिन्यात हडपसरला एका सोसायटीच्या गच्चीवर गेलो होतो. मोबाइल टॉवरखालच्या यंत्रांच्या कपाटाच्या दारावर तीन कंपन्यांची नावं एकावर एक. सगळ्यात खालचं रंगात छापलेलं, वरची दोन स्टिकरची, त्यातलं एक कोपऱ्यातून सुटलेलं. सोबतचा मुलगा चोवीस-पंचवीसचा. खालच्या नावाची कंपनी बंद झाली तेव्हा तो शाळेत असेल. तरी फोनवर कंट्रोल रूमला त्याने तेच नाव सांगितलं आणि पलीकडच्यालाही कुठलं कपाट ते लगेच कळलं.