शर्यती सकाळीच घ्या
आपल्या रहिवासी संघाच्या कार्यक्रमात मुलांच्या शर्यती आहेत आणि उघड्यावर सिनेमाही. दुपारी चार वाजता ऊन उतरतं म्हणून शर्यती तेव्हा ठेवू, असं एकानं सुचवलंय. ऊन उतरत असेल, पण हवा सर्वांत तापते ती साधारण दुपारी ३-४ च्या सुमारास, आणि फरशी तर त्याहून जास्त. गेल्या वर्षी पोत्यातून बाहेर पडलेली पोरं अनवाणी, टुणटुण उड्या मारत सावलीकडे पळाली. खरी शर्यत तीच झाली! सकाळी ७ ला सुरू करा, ९ ला आवरा. सिनेमाचं उलट आहे, तो उशिरा सुरू करा. सूर्य मावळल्यावरही अर्धा तास पडद्यावर धड काही दिसत नाही, तेवढ्यात संघाच्या सूचना वाचून टाका. आणि हो, पाणी बंद राहण्याची तारीख कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी छापू नका. मागच्या वेळी ती कुणी वाचलीच नाही, आमच्यासकट.