स्वातीचा केशरी रंग नीट दिसत नाही

गच्चीवाला, इंदूर: राजवाड्याजवळून स्वाती दुर्बिणीतही पांढुरकाच वाटतो. की मी भलताच तारा बघतोय?

खगोलवेडा: सप्तर्षींच्या शेपटीचा बाक मरीचीपासून (शेपटीच्या टोकाचा तारा) तसाच पुढे वाढवा. पहिला ठळक तारा स्वाती, पुढची चित्रा. मेअखेरीस रात्री १०च्या सुमारास इंदूरला तो जवळजवळ डोक्यावर असतो, जेमतेम साडेतीन अंश दक्षिणेला. प्रत (ठळकपणाचं माप, जितकी कमी तितका तारा ठळक) −०.०५, शहरी उजेडाला पुरून उरतो.

दुर्बीणकर: ठळक ठिपका डोळ्याला पांढुरका भासतो. १०×५० दुर्बिणीचा फोकस किंचित बिघडवा. प्रकाश चकतीत पसरला की केशरी उमटतो (पृष्ठभाग सुमारे ४,३०० केल्विन). चित्रा तशीच बघा, निळसर दिसेल. उगवताना नको, हवेमुळे नुसता रंगीबेरंगी लुकलुकतो.

गच्चीवाला: मंगळ तर नसेल?

खगोलवेडा: छे! मंगळ क्रांतिवृत्ताजवळच (सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग) फिरतो, स्वाती त्या मार्गाच्या ३१ अंश उत्तरेला.