जखमी ट्रकचालकाने भरपाई कोठे मागावी : आयुक्तांकडे की न्यायाधिकरणाकडे?

धागाकर्ता

माझा मेहुणा बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातला, वय वर्षे ३५. कळंबोलीतील एका ट्रान्सपोर्टरकडे तो नऊ वर्षे चौदाचाकी गाडी चालवत होता. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास इंदूरकडे लोखंडी कॉइल घेऊन जाताना, शिरपूरच्या अलीकडे रस्त्यावर बंद पडून उभ्या असलेल्या ट्रेलरवर त्याची गाडी मागून आदळली. धक्क्याने साखळ्या तुटून कॉइल पुढे सरकली, केबिन दबले आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आदल्या रात्री तो चाकणहून भरलेली गाडी घेऊन आला होता, त्यानंतर जेमतेम तीन तास झोपला आणि पुन्हा निघाला. मागून धडक देणारा तो, म्हणून पोलिसांनी गुन्हा त्याच्यावरच नोंदवला.

माझे मत असे की, अशा चालकाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या वाटेला न जाता कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ खाली भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांकडेच अर्ज करावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू होऊन हा कायदा तिच्यात सामावला गेला असला, तरी आमचा अपघात त्याआधीचा असल्याने जुना हक्क शाबूत आहे. या कायद्यात चूक कोणाची, हा प्रश्न येतच नाही. कामावर असताना आणि कामामुळे इजा झाली, एवढे सिद्ध केले की मालक भरपाई द्यायला बांधील होतो. डुलकी लागली असली तरी हक्क जात नाही. नशापाणी किंवा जाणूनबुजून केलेला आज्ञाभंग हे अपवाद कायद्यात आहेत, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तेही लागू होत नाहीत.

हिशेबही सरळ आहे. मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे आणि ३५ व्या वर्षाचा गुणक १९७.०६. म्हणजे पूर्ण अपंगत्व धरले तर १७,७३,५४० रुपये, प्रत्यक्ष झालेला औषधोपचाराचा खर्च वेगळा, आणि महिनाभरात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज. ज्याच्या घरी दोन शाळकरी मुले आहेत, त्याने आणखी कशाची वाट पाहायची?

प्रतिसाद : मोटार अपघात दाव्यांचे काम करणारी वकील

आपली कळकळ समजते, पण हा सल्ला मला मान्य नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६७ नुसार दोन्ही कायद्यांखाली हक्क असेल तर जखमीला त्यांपैकी एकच मार्ग निवडता येतो. आयुक्तांकडून रक्कम घेतली की न्यायाधिकरणाचा दरवाजा बंद होतो. म्हणून निवड करण्याआधी, त्या दरवाजामागे किती रक्कम आहे हे पाहिलेच पाहिजे.

समजा त्यांचे उत्पन्न १८,००० रुपये सिद्ध झाले. चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवावेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालापासून रुळले आहे. म्हणजे २५,२०० रुपये झाले. वर्षाचे तीन लाख दोन हजार चारशे, त्याला ३१ ते ३५ वयोगटाचा गुणक १६ लावला की ४८,३८,४०० रुपये होतात. यात वेदना, कृत्रिम पाय आणि मदतनीस यांची रक्कम धरलेलीच नाही. आयुक्तांकडील १५,००० च्या मर्यादेमुळे आपण यातले किती सोडून देत आहात, ते पाहावे.

राहिला चुकीचा प्रश्न. ट्रेलर रस्त्याच्या कडेला उतरवला होता की मार्गिकेतच उभा होता? मागचे दिवे चालू होते का? परावर्तक पट्ट्या, त्रिकोण, दगड, झाडाची फांदी, काहीतरी ठेवले होते का? वाहन धोकादायक स्थितीत उभे करणे हा त्याच अधिनियमाच्या कलम १२२ चा भंग आहे, आणि भर रस्त्यात दिव्यांविना उभ्या असलेल्या टँकरवर मोटार आदळली तेव्हा मागच्या चालकाचा सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे चुकीत त्याचाही वाटा, मानायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नकार दिला आहे. पोलिसांनी गुन्हा कोणावर नोंदवला, यावर न्यायाधिकरणातील दावा ठरत नाही, पुराव्यावर ठरतो. दावा ट्रेलरचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर होईल. निम्मी चूक मेहुण्यांची धरली तरी २४,१९,२०० रुपये मिळतात.

मात्र मुदत सांभाळा. १ एप्रिल २०२२ पासून न्यायाधिकरणाकडे अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. या मुदतीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या आहेत, पण त्यांच्या भरवशावर कोणी बसू नये. आपल्याकडे १० एप्रिलपर्यंतचा वेळ आहे. आयुक्तांकडे मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे आजच निवड करून टाकण्याची घाई नाही.

प्रतिसाद : निवृत्त चालक, २८ वर्षे स्टेअरिंगवर

वकीलताई, आपला हिशेब कागदावर बरोबर आहे. पण पहाटे अपघात झाल्यावर सकाळी आठपर्यंत क्रेन ट्रेलर उचलून नेते, आणि दिवा चालू होता की नाही हे सांगणारा साक्षीदार उरत नाही. शेजारच्या धाब्यावरचा पोऱ्या कोर्टात येणार नाही. माझ्याबरोबरच्या एका चालकाच्या प्रकरणात न्यायाधिकरणाने सत्तर टक्के चूक त्याचीच धरली. तसे इथे झाले तर आपल्याच आकड्यांतून १४,५१,५२० रुपये उरतात, म्हणजे आयुक्तांपेक्षा कमी, आणि तेही विमा कंपनी अपिलात गेल्यावर.

मी धागाकर्त्याच्या बाजूचा आहे, पण माझे कारण वेगळे आहे. न्यायाधिकरणात गेलो की भांडण ट्रेलरवाल्याशी होते आणि आपला मालक बाजूला बसून बघतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमात चालकाला दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलेले होते. तीन तासांच्या झोपेवर कॉइल भरून गाडी कोणी काढायला लावली, हे मालकाला समोर उभे करून विचारायला आयुक्तांसमोरची जागाच बरी.

प्रतिसाद : दोन गाड्यांचा मालक

मालकावर सगळे ढकलणे योग्य नाही. माल पाठवणारी पार्टी, माल उतरवायला एक तास उशीर झाला तरी, भाड्यातून पैसे कापते, आणि ती घाई आमच्यामार्फत चालकापर्यंत पोहोचते, हे मी नाकारत नाही. तरीही माझ्यासारखा माणूस पॉलिसी घेताना पगारी चालकासाठी माणशी ५० रुपयांचा जादा हप्ता भरतो, तो याच दिवसासाठी. त्या हप्त्याने चालकाच्या इजेची कायदेशीर जबाबदारी पॉलिसीत येते. आयुक्तांचा आदेश झाला की मुद्दल आणि व्याज विमा कंपनी देते. मात्र विनाकारण विलंब केल्याबद्दल निम्म्या रकमेपर्यंत दंड लागू शकतो, आणि तो मालकाला स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवण्यात मालकाचेही हितच आहे.

ज्यांची स्वतःची गाडी आहे आणि जे स्वतःच चालवतात, त्यांना मात्र आयुक्तांचा मार्ग नाही, कारण ते कोणाचेच कर्मचारी नसतात. त्यांनी मालक-चालकाचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आपल्या पॉलिसीत आहे की नाही, हे आजच पाहून घ्यावे.

धागाकर्ता

दोन गोष्टी मी आधी लिहिल्या नव्हत्या, त्या आता लिहितो, कारण चर्चा त्यांच्यावरच येऊन ठेपली आहे.

पहिली गोष्ट, अपघातानंतर सहाव्या दिवशी मालकाचा माणूस रुग्णालयात आला. चाळीस हजार रुपये त्याने उशाशी ठेवले आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर मेहुण्याचा अंगठा घेतला. मेहुण्याला सही येते. पण सलाइनचा हात उचलत नव्हता, म्हणून अंगठा. शाईचा डाग चादरीवर तसाच राहिला होता. त्या कागदावर ‘माझी मालकाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही’ असे लिहिले होते. १९२३ च्या कायद्याचे कलम १७ सांगते की, भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच शून्य असतो. हे मला ठाऊक होते, बहिणीला नव्हते, आणि तिने तीन महिने कोणाकडेच दाद मागितली नाही. २०१७ च्या दुरुस्तीपासून कामावर घेताना चालकाला त्याचे हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी कळवणे मालकावर बंधनकारक झाले. मेहुणा त्याआधीच कामाला लागला होता, पण नंतरही त्याला असा एकही कागद मिळालेला नाही.

दुसरी गोष्ट वेतनाची. हजेरीपत्रक नाही, पगारपत्रक नाही. आहे ती खिशातली एक लाल डायरी, तिच्यात खेप, उचल, डिझेल, टोल आणि भत्ता त्याच्या अक्षरात लिहिलेला आहे. भत्ता वगळला तरी महिन्याला सोळा-सतरा हजार निघतात, म्हणजे १५,००० ची मर्यादा ओलांडली जाते. आयुक्तांकडे एवढे पुरेल. न्यायाधिकरणात मात्र १८,००० सिद्ध करायला ही डायरी पुरेल का, याची मला शंका वाटते.

प्रतिसाद : वकील

डायरी पुरावा आहे. तिच्यातील उचलीच्या नोंदी बँक खात्यातील किंवा फोनवरून आलेल्या रकमांशी जुळवून घ्या. आधी एक तपासा : मालकाने त्यांची कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदणी केली होती का? विमाधारक असतील तर त्यांना आयुक्तांकडे मालकाविरुद्ध जाता येणार नाही, लाभ महामंडळाकडूनच घ्यावे लागतील.

आणखी एक. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ५० टक्के अपंगत्व लिहिले असेल, तर विमा कंपनी आयुक्तांसमोर निम्मीच रक्कम देय असल्याचे म्हणेल, आणि आपल्या १७ लाख ७३ हजारांचे ८ लाख ८६ हजार होतील. तिथे थांबू नका. कोपराच्या वर हात गेलेला सुतार सुतारकामाला पूर्ण अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये म्हटले, आणि २००८ मध्ये गुडघ्यापासून पाय गेलेल्या टँकरचालकाची कमाईची क्षमता शंभर टक्के गेल्याचे मान्य केले. अवजड वाहनाचा परवाना आता चालणार नाही, असे आरटीओकडून लेखी घ्या.

माझे मत अजून बदललेले नाही. पंचनाम्याची आणि घटनास्थळाच्या फोटोंची प्रत पोलीस ठाण्यातून मिळवा. ट्रेलर मार्गिकेत उभा होता असे त्यात दिसले, तर दावा बीडच्याच न्यायाधिकरणात दाखल करता येईल, शिरपूरला खेटे घालावे लागणार नाहीत.

धागाकर्ता

आरटीओचा अर्ज आजच लिहितो. विमा योजनेत नोंदणी नाही, हे मी तपासले आहे. पंचनाम्याची प्रत मिळाली असून तिच्यात ‘ट्रेलर डाव्या बाजूस उभा’ एवढेच म्हटले आहे, दिव्यांचा उल्लेख नाही. फोटोंसाठी सोमवारी शिरपूरला जात आहे. त्यांत ट्रेलरची मागची बाजू स्पष्ट दिसली तर न्यायाधिकरण, नाहीतर मार्चअखेर आयुक्तांकडे अर्ज, असे घरात बोलणे झाले आहे.