मदत हवी आहे : भाजलेल्या आईसाठी जुनी खुर्ची नव्याने मढवायची आहे

नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. दोन महिन्यांपूर्वी बंबातले उकळते पाणी अंगावर सांडून माझ्या आईच्या मांड्या मागच्या बाजूने भाजल्या आणि तिथे त्वचारोपण करावे लागले. जखमा आता भरल्या आहेत. मात्र नवी कातडी इतकी नाजूक आहे की चादरीच्या शिवणीचा वळसुद्धा तिच्यावर लालसर उमटतो. दाबाचे घट्ट कपडे दिवसातले तेवीस तास घालायचे आहेत, खोबरेल तेलाचा हात दोन-तीनदा फिरवायचा आहे आणि कातडी आखडू नये म्हणून गुडघे सरळ ताणण्याचा व्यायाम चुकवायचा नाही.

आईला वडिलांच्या सागवानी खुर्चीतच बसायचे असते. त्या खुर्चीचे रेक्झीन फाटले आहे, काथ्याचे धागे वर आले आहेत आणि कडेच्या गंजलेल्या चुका हाताला लागतात. म्हणून ती मी घरीच उसवून नवारीच्या पट्ट्यांपासून पुन्हा बांधणार आहे.

वरून रेक्झीन घातले तर पुसता येते, पण सांगलीच्या उन्हाळ्यात घाम साचून खाज वाढेल. सुती कापड घातले तर तेलाचे डाग पडतील. रेक्झीनवर धुता येणारी सुती खोळ घालणे योग्य ठरेल का? फोम ३२ घनतेचा (किलो प्रति घनमीटर) घ्यावा की ४० चा? मांडीखाली येणारी पुढची कड गोलाकार कशी करावी, आणि शिवण बैठकीवर न येता खाली कशी वळवावी? भाजलेल्या रुग्णांची शुश्रूषा केलेल्या परिचारिका भगिनींनी आणि गादी-कुशनचे काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावे.