सोसायटीच्या ग्रुपवर: ऑफिसच्या पीसीवरची ऑडिटची फाइल

माने ए-४०२: ऑडिटची आरएआर फाइल ऑफिसच्या पीसीवर कुणी उघडली? तिथलं विनरार, म्हणजे असल्या दाबून बांधलेल्या फाइली सोडणारं सॉफ्टवेअर, जुनं ५.६१ व्हर्जनचं आहे. मागच्या मीटिंगला सांगितलं होतं, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष वडापावात.

सेक्रेटरी: मीच उघडली माने साहेब. पाठवणारे नेहमीचेच आहेत. 🙏

माने ए-४०२: माणसाबद्दल काही म्हणणं नाही. ५.७० च्या आधीच्या विनरारमध्ये एसीई ह्या बांधलेल्या फाइलींच्या दुसऱ्या प्रकाराला उघडणारी जुनी डीएलएल, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, आहे. एसीई फाइलचं नाव बदलून आरएआर केलं तरी उघडते, आणि आत लपवलेला घातक प्रोग्राम तुम्ही निवडलेला फोल्डर सोडून थेट स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसतो. पीसी पुन्हा चालू केला की आपोआप पळतो. २०१९ ला उघडकीस आलं हे.

शिंदे बी-१०४: पाण्याची टाकी कधी धुणार?

पाटील सी-२०१: ४० दिवसांचं ट्रायल वर्षानुवर्षं चालतंय, नाद खुळा सॉफ्टवेअर 😂 कशाला हात लावायचा?

कुलकर्णी सी-३०३: पाटीलदादा, तिथंच मेख आहे. ते स्वतःहून अपडेट होत नाही. हेल्पमध्ये अबाउट उघडून व्हर्जन बघा. ७.१३ च्या खालचं असेल तर नवं टाका. जुलै २०२५ ला ७.१३ आलं तेही असल्याच भोकासाठी, आणि तोवर हल्ले सुरू झाले होते.

खजिनदार: मग सेव्हन-झिप टाकूया की. फुकट आहे.

माने ए-४०२: तेही आपोआप अपडेट होत नाही. २४.०९ च्या आधी झिपच्या आतल्या झिपमधली फाइल काढली की विंडोजची 'इंटरनेटवरून आलेली' ही खूण पुढं उतरायची नाही, म्हणजे इशाराच नाही. २५.०१ किंवा पुढचं घ्या, तेही सेव्हन-झिप डॉट ऑर्गवरूनच.

शिंदे बी-१०४: टाकीचं विचारलं होतं.

कुलकर्णी सी-३०३: आणि खजिनदार साहेब, सगळ्यांची पॅनकार्डं झिप करून पासवर्ड त्याच ग्रुपवर टाकलात, त्याला कुलूप म्हणायचं का?

खजिनदार: वहिनी, पासवर्ड लावला हेच नशीब. फुकट काम करतोय.

कुलकर्णी सी-३०३: कामाबद्दल आभारच आहेत. पण झिपला पासवर्ड असला तरी आतल्या फाइलींची नावं दिसतात. सेव्हन-झिपमध्ये सेव्हनझेड प्रकार निवडून 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर टिक करा, पासवर्ड फोनवर सांगा. झिपच हवी असेल तर झिपक्रिप्टो हे जुनं कच्चं कुलूप नको, एईएस-२५६ हे पक्कं घ्या.

पाटील सी-२०१: एवढ्यात तांबडा-पांढरा शिजून झाला असता.

माने ए-४०२: सेक्रेटरी साहेब, विंडोजची चावी आणि आर दाबा, 'शेल:स्टार्टअप' इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. काय दिसतंय?

सेक्रेटरी: एकच शॉर्टकट आहे. प्रिंटरचा असेल.

माने ए-४०२: डबल क्लिक नको. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेट वाचा.

सेक्रेटरी: शेवटी काहीतरी डॉट ईएक्सई. मधे टेम्प लिहिलंय.

माने ए-४०२: ईएक्सई म्हणजे प्रोग्राम, आणि टेम्प म्हणजे तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर. हा प्रिंटरचा वाटत नाही. नेटची वायर काढा आधी. सोसायटीचं नेटबँकिंग त्या पीसीवर उघडू नका. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

सेक्रेटरी: काढली. सीसीटीव्ही पण बंद पडला.

माने ए-४०२: ती राउटरची काढलीत. पीसीची काढा.

शिंदे बी-१०४: टाकी?