एसटीपीतला मीडिया महिना झाला तरी पांढराच, पार्किंगमध्ये वास (इंदिरानगर, नाशिक)

इंदिरानगर_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी, आमची ८४ फ्लॅटची सोसायटी आहे, बेसमेंटला सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी, ४५ केएलडीचा (दिवसाला ४५ हजार लिटर) एमबीबीआर प्लांट, म्हणजे ज्याच्या टाकीत प्लॅस्टिकची छोटी चाकं (मीडिया) फिरत असतात तो. दिवाळीत ठेकेदार बदलला आणि नवीन माणसाने एअरेशन टँकमधली (हवा सोडायच्या टाकीतली) ती चाकं घाण दिसतात म्हणून टाकी रिकामी करून सगळी बाहेर काढली, प्रेशर गनने धुतली, वरून ब्लीचिंग पावडर मारली. मी तिथेच उभा होतो, चकचकीत दिसली म्हणून बरंच वाटलं. त्यानंतर महिना झाला, टाकीवर हातभर पांढरा फेस, पाणी गढूळ, सडक्या अंड्यासारखा वास, तळमजल्यावरच्या आजी खिडकी उघडत नाहीत. ठेकेदार म्हणतो मीडिया बाद झालाय, नवीन घ्या. खर्च मोठा आहे, खरंच घ्यावा लागेल का?

अंबडचा_ऑपरेटर
साहेब मीडिया बाद झालेला नाही, मीडियावरचं जिवंत होतं ते मेलंय. ती घाण नव्हतीच, तीच तर काम करत होती. मी ११ वर्षं प्लांट चालवतोय म्हणून कळकळीने सांगतो, नवीन अजिबात घेऊ नका.
एक चाक हातात घ्या, आतल्या खाचा बघा. चालू प्लांटमध्ये तिथे तपकिरी, बुळबुळीत पातळ थर असतो, बाहेरची कड घासून घासून स्वच्छ राहते पण आत थर टिकतो, तो बायोफिल्म. अशा मीडियाच्या एका घनमीटरला साधारण ५०० चौरस मीटर जागा मिळते. तुमच्याकडे ५ घनमीटर धरला तर २५०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास २५ गुंठे जमीन त्या एवढ्याशा टाकीत, आणि तुमचं सगळं पीक एका दिवसात उपटलं गेलं.
फेस येतोय तो साबणाचा, तो खायला जीवाणूच नाहीत. फेस मारायला सिलिकॉनवालं डीफोमर टाकू नका, त्याचा थर मीडियावर बसतो आणि जीवाणू धरत नाहीत. पाण्याचा फवारा मारा.
आता जवळच्या चांगल्या चालणाऱ्या प्लांटच्या एअरेशन टँकमधला ताजा स्लज (जीवाणूंनी भरलेला गाळ) टँकरने आणा, तो टाका. पहिले काही दिवस पाणी पूर्ण लोडने सोडू नका, थोडं थोडं वाढवा. ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) चोवीस तास, डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपास. कार्बन (सेंद्रिय घाण) खाणारे जीवाणू लवकर धरतात, अमोनिया खाणारे सावकाश, त्यांना ५-६ आठवडे लागू शकतात आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी, तेव्हा अजून हळू.

गंगापूररोड_ताई
दादांनी सांगितलं ते अगदी बरोबर, पण एक विचारते, रात्री ब्लोअर बंद करता का? आमच्याकडे लाइट बिल वाचवायला रात्री ११ ते ६ बंद ठेवायचे, टाकीत हवा नाही, सकाळी तोच अंड्याचा वास. सुरू ठेवला आणि आठवड्यात फरक पडला.
आणि घरोघरी ॲसिड, फिनाईल, ब्लीच किती ओतलं जातं तेही बघा. आमच्या बायकांच्या ग्रुपवर मी एक चाक घेऊन गेले आणि म्हटलं ही आपली कामगार मंडळी आहेत, यांना ॲसिड पाजू नका. तेलही बेसिनमध्ये नको, तळणाचं तेल वेगळ्या डब्यात ठेवा, तेलाचा तवंग मीडियावर बसला की हवा पोचत नाही.

इंदिरानगर_सेक्रेटरी
ताई अहो रात्री बंदच होता, मीटिंगमध्ये आम्हीच ठरवलेलं. आजपासून चालू. दादा, शेण टाकलं तर चालतं का, ठेकेदार म्हणतो शेण आणि गूळ.

अंबडचा_ऑपरेटर
शेणाची स्लरी लोक टाकतात, पण चालू प्लांटचा स्लज जास्त चांगला कारण त्यातल्या जीवाणूंना सांडपाण्याचीच सवय असते. शेणातला चारा न गाळता गेला तर जाळी चोकअप होते, मग मीडिया तिथेच गठ्ठा होऊन बसतो. आउटलेटची जाळी रोज बघा. पीएच ७ च्या खाली जाऊ देऊ नका, अमोनिया खाताना क्षारता संपते, लागला तर थोडा चुना.
आणि साहेब, तुमचं पाणी नाल्यात गेलं की नासर्डीत, नासर्डीतून गोदावरीत. सिंहस्थाला माणसं तिथे श्रद्धेने उतरतात. म्हणून हे नीट करा, मी स्वतः येऊन बघायला तयार आहे.

इंदिरानगर_सेक्रेटरी
सहा आठवड्यांनी लिहितोय. टँकरने स्लज आणला, ब्लोअर सलग चालू, नवीन मीडिया घेतला नाही. तिसऱ्या आठवड्यात फेस खाली बसला, चाकाच्या आतल्या खाचेत हलका तपकिरी रंग दिसला तेव्हा मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला, आता आतून गडद झालाय, बोटाने चोळलं तर बुळबुळीत लागतं. पाणी निवळ आहे, बागेला दिलं तरी वास नाही. अमोनियाचं सँपल लॅबला दिलंय. आजींची खिडकी उघडी असते. दादा, रविवारी सकाळी जमेल का तुम्हाला? चहा-नाश्ता आमच्याकडे, ताई तुम्हीही या.